फुगणारी गोळी आणि टिकणारी गोळी

(शेतकी विभाग : ऊस विकास अधिकारी यांजकडून)



पाणी धरून ठेवणाऱ्या दाण्यांबद्दल गट ऑफिसात आणि चिटबॉयकडे सध्या वरचेवर विचारणा होते. विक्रेता पेल्यात चिमूटभर दाणे टाकतो, वरून पाणी ओततो, आणि बघता बघता पेला थलथलीत गोळ्यांनी भरून जातो. पेला पालथा केला तरी थेंब पडत नाही. बघणाऱ्याला वाटते, एवढे पाणी जर उसाच्या मुळाशी थांबले तर दोन पाळ्या वाचल्याच. २०१२-१३ आणि २०१५-१६ चे दुष्काळ ज्यांनी काढले, मांजरा धरणाचा तळ उघडा पडलेला ज्यांनी पाहिला, त्यांना असे वाटणे साहजिकच आहे. यात आम्ही कुणाला हसत नाही. पण पैसे मोजण्याआधी हा दाणा काय चीज आहे, तो फुगतो कशाने, मोडतो कशाने आणि त्याला बळकट कसे करतात, हे समजून घ्यावे म्हणून हा लेख.

आधी सरळ हिशोब. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे आपण जिला पुसा म्हणतो तिने, सेल्युलोजपासून ‘पुसा हायड्रोजेल’ तयार केले. शुद्ध पाण्यात ते आपल्या वजनाच्या ३५० पटींहून जास्त पाणी धरते, आणि त्याची मात्रा साधारण एकरी १ ते २ किलो सांगितली जाते. आपण सढळ हाताने ४०० पट धरू. २ किलो दाण्यांत ८०० लिटर पाणी झाले. ऐकायला पुष्कळ वाटते. पण एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, त्यावर १ मिलिमीटर पाऊस पडला तरी ४,०४७ लिटर पाणी होते. कडक उन्हाळ्यात भर वाढीच्या उसाला दिवसाला ६ ते ८ मिलिमीटर पाणी लागते. ६ च धरा, तरी चोवीस हजार लिटर. म्हणजे दाण्यातले ८०० लिटर हा एका दिवसाच्या गरजेचा तिसावा हिस्सा झाला. दाणा दर पाळीला पुन्हा भरतो, हे खरे. दहा वेळा भरला तरी सगळा मिळून २ मिलिमीटर पावसाइतका. सबब अख्ख्या रानात दाणे फेकून पाण्याची पाळी चुकवता येईल, असे कोणी सांगत असेल तर त्याला हा हिशोब कागदावर मांडून दाखवावा.

मग ही वस्तू बिनकामाची आहे का? नाही. ती जिथे थोड्या जागेत, कोवळ्या मुळाजवळ वापरायची तिथे उपयोगी आहे. ती जागा कोणती, ते पुढे येईलच.

जाळे आणि गाठी

जेल म्हणजे पाण्यात उभे केलेले जाळे. अतिशय लांब धाग्यासारखे रेणू पाण्यात पसरलेले असतात. ते सुटे असतील तर नुसती खळ होते, ओतली की वाहते. ते जागोजागी एकमेकांना बांधले गेले की तीच खळ थिजते, आकार धरते. पाणी तेच, धागे तेच. फरक पडतो तो गाठींनी.

या गाठी दोन जातीच्या. एक पक्की, वेल्डिंग केल्यासारखी. धागा धाग्याला रासायनिक बंधाने कायमचा जोडलेला. दुकानात मिळणारे पाणी धरणारे दाणे बहुतेक या जातीचे. दुसरी जात नुसत्या बांधलेल्या गाठीची. धागे एकमेकांना चिकटून, वेटोळे घालून किंवा मधल्या एखाद्या क्षारकणाच्या आधाराने धरून राहिलेले असतात. याला भौतिक जेल म्हणतात. घरातली उदाहरणे पुष्कळ आहेत. चायना ग्रास उकळत्या पाण्यात विरघळते, थंड झाली की थिजते, परत उकळली की परत पातळ. पेरूची जेलीही त्यातलीच. तिच्यात साखर भरपूर लागते ती नुसती गोडीसाठी नव्हे. साखर पाणी आपल्याकडे ओढते, पेरूतल्या पेक्टिनच्या धाग्यांना पाणी कमी पडते, आणि मग ते एकमेकांना धरतात. साखर कमी घातली तर जेली लागत नाही, हे घरातल्या बायकांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

साखर कारखान्याला नको असलेले असे एक जेलही आहे. ऊस तुटून शिळा पडला की त्यात जंतू वाढून डेक्स्ट्रान तयार होते, रस बुळबुळीत होतो, गाळायला आणि दाणा पाडायला त्रास देतो. त्याच डेक्स्ट्रानच्या धाग्यांना पक्क्या गाठी मारून १९५९ साली स्वीडनमध्ये ‘सेफाडेक्स’ नावाचे दाणे बाजारात आले, आणि प्रयोगशाळांतून प्रथिने वेगळी करायला ते जगभर वापरले जातात. आपली डोकेदुखी, दुसऱ्याचा धंदा! असो.

आता फुगण्याकडे वळू. धाग्यांना पाण्याची ओढ असते. शिवाय पुष्कळ धाग्यांवर विद्युतभार असतो आणि त्याला धरून सोडियमसारखे कण आत दाटलेले असतात. बाहेर पाणी गोडे, आत क्षार दाट, म्हणून पाणी आत घुसते. मनुका पाण्यात टाकली की टरारून फुगते, तसेच हे. जाळे ताणले जाते आणि ताणलेले जाळे मागे ओढते. आत येण्याची ओढ आणि जाळ्याचे मागे ओढणे सारखे झाले की फुगणे थांबते.

यातच सगळी मेख आहे. गाठी विरळ ठेवल्या तर दाणा खूप फुगतो, पण तितकाच लिबलिबीत होतो, कारण तेवढ्याच गाठी मोठ्या जागेत पांगतात. गाठी दाट केल्या तर दाणा कमी फुगतो आणि घट्ट राहतो. पेल्यात सगळ्यात मोठा दिसणारा दाणा हा बहुधा सगळ्यात कमजोर दाणा असतो. आणि पेल्यात त्याच्यावर ओझे नसते. रानात एक फूट खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४० ग्रॅम मातीचा भार असतो. त्या दाबाखाली लिबलिबीत दाणा फुगतच नाही, किंवा फुगलेला चेपला जातो.

भौतिक जेलची पंचाईत आणखी वेगळी. पक्क्या गाठीचे जाळे ताणले तरी गाठ शाबूत राहते. भौतिक जेलमध्ये फुगता फुगता गाठच सुटायला लागते. एक सुटली की शेजारच्या गाठीवर भार येतो, तीही सुटते, आणि शेवटी गोळी पाण्यात विरून जाते. तोडणीला जाणाऱ्या आपल्या बीडच्या माणसाला हे सांगायला नको. उसाची मोळी वाढ्याच्या एकाच बंधाने सैल बांधली तर फळीवरून ट्रकमध्ये चढवताना टिपरू टिपरू निसटते. दोन जागी आवळून बांधली की जाते नीट.

चुना, जिप्सम आणि गोळी

मग भौतिक जेलच्या मागे लागायचेच कशाला, पक्क्या गाठीचे दाणे आहेत की! त्याचे कारण असे की भौतिक जेल थंड पाण्यात, जहाल रसायनांशिवाय बनते. आत जिवंत वस्तू ठेवता येते. उसाचा कोवळा कोंब ठेवा, नाहीतर नत्र मिळवून देणारे जिवाणू ठेवा, ते मरत नाहीत. आणि काम झाल्यावर ती मातीत कुजून जाते.

यात सगळ्यात जास्त वापर सोडियम अल्जिनेटचा. समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून ते काढतात. १८८१ साली ब्रिटनमध्ये स्टॅनफर्ड यांनी ते प्रथम वेगळे केले. पाण्यात कालवले की दाट चिकट द्राव होतो. त्याचा थेंब कॅल्शियम क्लोराईडच्या पाण्यात सोडला की तिथल्या तिथे गोळी थिजते. कारण असे की सोडियमचा कण एकाच धाग्याला धरतो, तर कॅल्शियमचा कण दोन हातांचा, तो दोन धाग्यांना एकत्र धरतो. दोन धाग्यांच्या नागमोडी वळणांत कॅल्शियमचे कण ओळीने बसतात, अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडी बसावीत तसे. १९७३ साली शास्त्रज्ञांनी या रचनेला नावच अंड्यांच्या खोक्याचे दिले.

हे आपल्याला परके वाटायला नको. कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या निवळीत बुडवून ठेवतात, मग त्या पाकात कितीही शिजवल्या तरी विरघळत नाहीत. चुन्यातल्या कॅल्शियमने कोहळ्यातल्या पेक्टिनला गाठी मारलेल्या असतात. आणि चोपण जमिनीला आपण जिप्सम कशासाठी घालतो? चोपण जमिनीत चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. पाणी लागले की ती फुगते, विस्कटते, पाणी खाली जाऊ देत नाही, आणि वाळली की दगड होते. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमची जागा घेते, माती कमी फुगते आणि ढेकूळ-कणी धरते. चोपणात जे काम जिप्सम करते तेच गोळीत कॅल्शियम करते. ज्याला जिप्समचा उपयोग कळला त्याला भौतिक जेलचे निम्मे शास्त्र कळले.

आता उलटे पाहा. सोडियम जास्त असलेल्या पाण्यात अल्जिनेटची गोळी ठेवली तर काय होईल? सोडियम हळूहळू कॅल्शियमला हुसकावतो, गाठी सुटतात, गोळी फुगते, मऊ पडते आणि काही काळाने विरते. स्फुरदाच्या खताचे पाणी, म्हणजे डीएपी वगैरे, तेही कॅल्शियमला आपल्याकडे ओढून हेच करते. म्हणून अशी गोळी ज्या पाण्यात ठेवायची किंवा ज्या पाण्याने भिजवायची त्यात थोडे कॅल्शियम असावे, हा तिला टिकवण्याचा पहिला आणि सगळ्यात स्वस्त उपाय.

दुकानातल्या पक्क्या गाठीच्या दाण्याचे याच्या नेमके उलट आहे. खारट पाण्यात तो फुगतच नाही. बाहेर क्षार दाट झाले की पाण्याला आत शिरायची ओढ राहत नाही. साध्या पाण्यात शेकडो पट पाणी धरणारा या जातीचा दाणा ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात साधारण ३० ते ६० पटींवर येतो. जड पाण्यातले कॅल्शियम तर आत शिरून जादा गाठी मारते आणि दाणा आकसतो. आपल्याकडे गोदाकाठ आणि कालव्याचे पाणी वेगळे, आणि डोंगरपट्ट्यातल्या खोल बोअरचे वेगळे. विक्रेत्याने प्रात्यक्षिकाला आणलेले पाणी कोणते, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. ४०० पटीचे १०० पट झाले तर वरच्या हिशोबातले ८०० लिटर २०० वर येतात.

बळकटी कशी आणतात

कॅल्शियमचे प्रमाण आणि वेळ वाढवणे, हा झाला एक मार्ग. त्याच्या पुढे शास्त्रज्ञांनी काय काय केले, त्यातले आपल्या समजुतीला बसेल ते सांगतो.

गोळीवर दुसरा लेप देतात. कोळंबीच्या टरफलापासून कायटोसान नावाचा पदार्थ मिळतो. अल्जिनेटवर ऋण भार, कायटोसानवर धन भार, त्यामुळे दोघे एकमेकांना घट्ट धरतात. असा लेप दिलेली गोळी कमी फुगते आणि क्षाराच्या पाण्यात जास्त टिकते.

भरण घालतात. मराठवाड्यात पांढऱ्या मातीच्या भिंतीला चिखलात भुसा तुडवून घालत, तडा जाऊ नये म्हणून. तेच तत्त्व. जपानमध्ये हारागुची यांनी २००२ साली चिकणमातीच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांना धागे बांधून असे जेल केले की ते कितीतरी पट ताणले तरी तुटत नव्हते. ती माती आपल्या काळ्या रानातल्या चिकणमातीच्याच कुळातली. बगॅसमधून सेल्युलोजचे बारीक तंतू काढून जेलला बळ देण्याचे प्रयोगही झाले आहेत. बगॅस आपण बॉयलरला जाळतो. त्याचा असा उपयोग मोठ्या प्रमाणावर परवडेल की नाही, हे पुढे पाहायचे. आज त्यावर आशा ठेवून बसू नये, असे आमचे मत आहे.

तिसरा मार्ग गंमतीचा आहे. सुताला खळ द्यायला पॉलिव्हिनाइल अल्कोहोल वापरतात. त्याचा द्राव बर्फाइतका गोठवायचा, मग वितळू द्यायचा, पुन्हा गोठवायचा. दर फेऱ्याला बर्फाच्या स्फटिकांनी बाजूला ढकललेले धागे एकमेकांजवळ दाटतात आणि त्यांच्यात बारीक स्फटिकी गाठी पडतात. कोणतेही जोडरसायन न घालता रबरासारखे जेल तयार. त्यावर क्षाराच्या द्रावात बुडवण्याची जोड २०२१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शास्त्रज्ञांनी दिली. क्षार पाणी ओढून घेतो, धागे आणखी दाटतात. पेरूच्या जेलीत साखर जे करते त्याचाच हा थोरला भाऊ म्हणा ना.

आणि सगळ्यात मोठी कल्पना दुहेरी जाळ्याची. जपानच्या होक्काइडो विद्यापीठात गाँग यांच्या गटाने २००३ साली एकात एक दोन जाळी गुंफली. एक ताठ, एक लवचिक. ओढ बसली की ताठ जाळ्याच्या गाठी आधी तुटतात, जोर त्यांच्यात जिरतो आणि लवचिक जाळे शाबूत राहते. पण तुटलेल्या पक्क्या गाठी पुन्हा जुळत नाहीत. म्हणून २०१२ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात ताठ जाळे अल्जिनेट-कॅल्शियमचे, म्हणजे भौतिक गाठींचे घेतले आणि लवचिक जाळे पक्क्या गाठींचे. सुमारे ९० टक्के पाणी असलेले ते जेल मूळ लांबीच्या २० पटींहून जास्त ताणले गेले. भौतिक गाठ सुटते हा तिचा दोष आपण वर सांगितला. इथे तोच गुण ठरला. सुटताना ती जोर पचवते आणि ओढ गेल्यावर पुष्कळशी परत बसते.

तुर्भ्याची तुती

हे सगळे परदेशातलेच असे समजू नये. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात बापट, म्हात्रे आणि राव या शास्त्रज्ञांनी १९८७ साली तुतीचे कोवळे डोळे अल्जिनेटच्या गोळीत बंद करून त्यांच्यापासून रोपे मिळवली. १९८८ साली चंदनाच्या भ्रूणांवर तसेच काम प्रसिद्ध झाले, पुढे केळीवर. यालाच कृत्रिम बियाणे म्हणतात. तुती आपल्या जिल्ह्यात आता रेशमासाठी गावोगाव दिसते, म्हणून मुद्दाम सांगितले. उसाच्या ऊतिसंवर्धित कोंबांवरही असे प्रयोग झालेले आहेत. एकरी कित्येक क्विंटल टिपऱ्या वाहण्याऐवजी मूठभर गोळ्या पेराव्यात, असे ते स्वप्न. रानात मात्र ते अजून उतरलेले नाही. मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि अन्य केंद्रे आपल्याला देतात ती ऊतिसंवर्धित रोपेच, गोळ्या नव्हेत.

अडते कुठे? पुन्हा त्याच बळकटीच्या प्रश्नावर. साधारण २ ते ४ टक्के अल्जिनेट घेऊन गोळी करतात. ती कच्ची राहिली तर ओल्या मातीत फुगून फुटते आणि कोंब उघडा पडतो. कॅल्शियमच्या पाण्यात फार वेळ ठेवली तर इतकी टणक होते की आतल्या कोंबाला बाहेर येता येत नाही, हवाही कमी मिळते. उन्हात वाळली तर आकसून खडा होते. म्हणजे बळकटी हवी, पण कोंबाला फोडता येईल इतकीच. अंड्याचे कवच जसे पिल्लाला चोचीने फोडता येते तसे. जिवाणू खताच्या गोळीतही हेच आहे. ती लगेच विरली तर जिवाणू उघडे पडतात, विरलीच नाही तर ते आत अडकून राहतात.

सभासदांनी काय करावे

दाणे वापरायचेच असतील तर रानात फेकू नयेत, रोपवाटिकेत वापरावेत. एकडोळा रोपांसाठी ट्रेमध्ये कोकोपीट भरतो, त्यात दर लिटरला १ ते २ ग्रॅम कोरडे दाणे नीट मिसळावेत. एकरी पाच हजार रोपे आणि वाटी ५० घनसेंटिमीटरची धरली तर २५० लिटर मिश्रण होते, म्हणजे एकराच्या रोपांना पाव ते अर्धा किलो दाणे पुरतात. यापेक्षा जास्त घालू नये. दाणे फुगून मिश्रण वाटीबाहेर येते आणि मुळाला हवा मिळत नाही. एप्रिल-मेच्या झळांत शेडनेटमधल्या रोपाला दोन पाण्यांच्या मधला वेळ सोसायला यामुळे मदत होते. लागणीनंतर रोपासोबत दाणेही मुळाशीच जातात. बाकी रानात ओल टिकवायची तर पाचट आच्छादन आणि ठिबक यांना आजही तोड नाही. पाचट तर फुकटचे आहे, ते पेटवून देऊन दाणे विकत आणायचे, हा व्यवहार आम्हाला कळत नाही.

घेण्याआधी घरी एक परीक्षा करावी. सारख्या मापाचे चार पेले घ्यावेत. प्रत्येकात एकेक ग्रॅम दाणे टाकावेत. वजन सोनाराच्या काट्यावर करून घ्यावे, अंदाजाने नको. पहिल्यात बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी, दुसऱ्यात आपल्या बोअरचे, तिसऱ्यात बोअरच्या पाण्यात नेहमीच्या मात्रेत विरघळवलेले ठिबकचे खत. पाणी अर्धा-अर्धा लिटर. चार तासांनी पातळ फडक्यातून गाळून उरलेले पाणी मोजावे, म्हणजे दाण्याने किती धरले ते कळते. मग गोळी दोन बोटांत दाबून पाहावी. चिखलासारखी पसरली तर ती रानात टिकणारी नव्हे. दाबली तरी परत आकारावर येते ती चांगली.

चौथा पेला ओझ्याचा. सुमारे ६ सेंटिमीटर तोंडाचा सरळ स्टीलचा पेला घ्यावा. तळाशी दाणे, त्यावर भोके पाडलेली आत बसेल अशी चकती, आणि चकतीवर एक किलोचे वजन. एक फूट मातीचा भार साधारण एवढाच होतो. वरून बोअरचेच पाणी ओतावे आणि चकती किती उचलली जाते ते पाहावे. दाणा किलोचे वजन उचलत असेल तर घ्यावा. नसेल तर विक्रेत्याला चहा पाजून वाटेला लावावा.

फुगलेले दाणे मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडाशी राहणार नाहीत, अशी काळजी घ्यावी. दाण्यांची पिशवी कोरड्या जागी, घट्ट बांधून ठेवावी. पाण्याची क्षारता तपासण्यासाठी एक लिटरची स्वच्छ बाटली बोअरच्याच पाण्याने दोनदा विसळून घ्यावी, मोटार अर्धा तास चालू दिल्यावर ती भरावी, आणि त्यावर गट नंबर व सभासद क्रमांक लिहून गट ऑफिसला द्यावी.